खाली तुडूम, वर सलंग

खुशालकाका कोणाच्याही घरी गेले की आधी वर बघतात. माणसांकडे नाही, छताकडे. आपण दारात "या काका, या" म्हणत उभे असतो, आतून पाण्याचा गडवा येतो, आणि काकांची मान मागे, तोंड किंचित उघडं, नजर आढ्यावर. मग एक लांब हुंकार येतो. त्या हुंकारावरून आपलं घर पास की नापास ते ठरतं. माझं घर सुरुवातीला नापास होतं.

मौतीच्या घरीही यात सूट नाही. मागे आमच्या ओळीतले एक म्हातारे वारले. सगळे खाली मान घालून बसलेले, काका तेवढे वर बघून. थोड्या वेळानं त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बापू, जे झालं ते झालं. पण तुमच्या माळ्यात हवा कोंडून राहिली. तेरवी झाली का पहिले तेवढं पाहा." तोवर धीरानं बसलेला तो मुलगा त्यानंतर जो रडायला लागला तो थांबेचना. वडिलांसाठी की माळ्यासाठी, ते आम्हाला कळलं नाही.

अर्जुनी मोरगावात माझं कापडाचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायचं असल्यामुळे मला सगळ्या विषयातलं कळतं, असा माझा समज आहे. माझी बायको मंदा हिचा तसा समज नाही. काका आमचे शेजारी, आणि त्याआधी माझे चित्रकलेचे मास्तर. आता सत्तरी ओलांडली, निवृत्तीलाही बरीच वर्षं झाली. त्यांच्या वर्गात घराचं चित्र काढलं आणि छपराला वरती भोक दाखवलं नाही, तर गुण कापले जायचे. आमच्या पिढीतला गावातला कोणीही माणूस आजही घर काढायला बसला की आधी डोंगर काढतो, मग सूर्य, मग कौलारू घर, आणि न चुकता आढ्याशी भोक. माझ्या चित्रात भोक असायचं, पण काका म्हणायचे, "अन् खालचं? हवा काय आभाळातून पडते का गा?" तिथे माझे गुण गेले ते गेलेच.

काका तलाव बांधणाऱ्यांच्या घराण्यातले. त्यांच्या पूर्वजांनी आमच्याकडे गावोगाव तलाव बांधले, त्यावर अजून धान पिकतं. काकांनी तलाव बांधला नाही, पण तलावाची भाषा सोडली नाही. तुडूम म्हणजे पाळीखालची, म्हणजे बांधाखालची मोरी, जिच्यातून शेताला पाणी सोडतात. सलंग म्हणजे सांडवा, जादा पाणी निघून जायची वाट. काकांचं सगळं शास्त्र या दोन शब्दांत मावतं.

"माळा म्हणजे उलटा तलाव गा," ते समजावतात. "तलावात पाणी वरून येते, खालून जाते. माळ्यात हवा खालून येते, वरून जाते. वळचणीची फट ते तुडूम. आढ्यावरचं भोक ते सलंग. खाली तुडूम, वर सलंग. एक बुजवलं का दुसरं बेकार. नुसती सलंग ठेवून काय करशील? तुडूम नाही तर हवा येईल कोठून?"

हे ते हॉटेलात सांगतात, बसस्टँडवर सांगतात, लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून सांगतात. शर्टाच्या खिशात उदबत्तीचा पुडा आणि काडेपेटी कायम. कोणी माळ्यावर येऊ दिलं की वळचणीशी उदबत्ती पेटवून धरायची आणि धूर कुठे जातो ते बघायचं. धूर सरळ आढ्याकडे गेला की माळा चांगला. धूर जागीच घुटमळला की काकांचा चेहरा थर्मामीटरवर मोठा ताप दिसलेल्या डॉक्टरांसारखा होतो. एका घरानं न्हाणीघरात नवा पंखा बसवला आणि त्याचं तोंड सोडलं माळ्यात. काका खाली उतरले ते घाम पुसत. "सारी वाफ माळ्यात सोडली तुमी. लाकडाले आंघोळ घालून राहिले का? दोन पावसाळ्यात मयालीले बुरशी धरन." मयाल म्हणजे आमच्याकडे तुळई. त्या लोकांनी पंख्याचं तोंड बाहेर काढलं, पण काकांना पुन्हा घरात बोलावलं नाही.

काकांचं लग्न झालं नाही, तेही यामुळेच, असं गावात सांगतात. केशोरीकडचं स्थळ होतं. पोहे झाले, मुलगी येऊन बसली, तिला नाव विचारायचं. काकांनी तिच्या वडिलांना विचारलं, "शिडी आहे का?" वर जाऊन आले, डोक्याला जाळ्या, आणि म्हणाले, "मुलगी चांगली आहे. पण माळा पुरा बंद आहे, त्याचं काय करता?" मुलीच्या वडिलांनी माळा तसाच ठेवला आणि मुलगी दुसरीकडे दिली. मी एकदा हिय्या करून काकांना विचारलं, हे खरं का. ते म्हणाले, "माळा खरंच बंद होता."

आता माझ्या घराचं सांगतो, म्हणजे माझ्या अकलेचंही सांगून होईल. माझं घर आणि काकांचं घर मुळात एकच. काका आणि त्यांचे मोठे भाऊ, दोघांचं मिळून. काका नोकरीत नवे असताना वाटणी झाली आणि मध्ये भिंत घातली. पुढे मोठे भाऊ मुलांकडे नागपूरला गेले आणि त्यांचा हिस्सा मी घेतला. पण ती मधली भिंत मयालीपर्यंतच. तिच्यावर मोकळं. छप्पर एक, आढं एक, माळाही एकच. आमच्या बाजूनं चढलं की भिंतीवरून काकांच्या माळ्यावर जाता येतं. त्यांची मांजर जायची आणि यायची, आणि दर खेपेला पिलं घालायला आमच्याच गोधड्या निवडायची.

घर घेतल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर वळचणीची फट बुजवली. जवळच्या राईस मिलचा कोंडा उडून आत यायचा, खारी यायच्या. मी दुकानातल्या चिंध्यांचे बोळे केले आणि कडेकडेनं ठासून भरले. इतकं मन लावून मी दुकानाचं कामही कधी केलं नव्हतं. शिवाय माळा आता कोरडा आणि सुरक्षित झाला म्हणून सणाच्या साड्यांचे गठ्ठे तिथे नेऊन ठेवले. पावसाळा गेला. दिवाळीच्या आधी गठ्ठे सोडले तर प्रत्येक साडीवर करड्या ठिपक्यांची नक्षी. एका बाईंना मी ती नवीन डिझाइन म्हणून दाखवली. त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "भाऊ, डिझाइनले वास काऊन येते?"

त्या दिवशी काका वर चढले. एकेक बोळा उपसून खाली टाकत गेले आणि मी खाली उभा राहून गोळा करत गेलो. मग फटीला बारीक जाळी ठोकून दिली, आढ्यावरची दोन कौलं उचलून त्यावर पत्र्याची टोपी बसवली, माळ्याच्या कडेनं रचलेलं सामान मध्ये ओढलं. उतरल्यावर म्हणाले, "खारीले जाळी लावतेत गा. नाक दाबत नाही." ते ऐकून मंदा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. त्या उन्हाळ्यात नवतपाच्या नऊ कडक दिवसांतही आमची मधली खोली बसण्याजोगी राहिली. मी दुकानात सगळ्यांना सांगितलं की मीच हे शोधून काढलं.

काकांची दुसरी एक गोष्ट मला नेहमी चमत्कारिक वाटायची. त्यांना आमच्या घरातलं सगळं माहीत असायचं. आमच्याकडे कढीपत्ता संपला की सकाळी फाटकाला त्यांच्या झाडाची फांदी अडकवलेली. माझी मुलगी पल्लवी बारावीला मोठ्यानं पाठ करायची, तर एक दिवस काका तिला रस्त्यात थांबवून म्हणाले, "त्या हृदयाचे कप्पे तू उलटे सांगून राहिली बाई." मला सर्दी झाली की मला कळायच्या आत त्यांना कळायचं. मी मंदाला म्हणायचो, म्हाताऱ्याला सिद्धी आहे. मंदा म्हणायची, "असन."

यंदा पल्लवीच्या खोलीत एसी बसवायचं ठरलं. ती नागपूरला शिकते, सुटीत येते आणि येताच "बाबा, इथे माणूस राहतो का" असं विचारते. गोंदियाहून एक ठेकेदार आला. त्यानं खोलीला पीओपीचं छत सांगितलं, आणि वर चढून आल्यावर म्हणाला, "भैया, ये बीच की दीवार ऊपर तक उठा लो. दो घर का एक माला? चूहा-बिल्ली सब इधर. लगे हाथ हो जाएगा."

मला ते एकदम पटलं. मांजरीचा माझा जुना राग होता. मंदा म्हणाली, "राहू द्या ना. काय अडते त्यानं?" मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही.

काकांना कळलं, म्हणजे त्यांना कळणारच होतं, आणि सकाळी चहाच्या आधी ते दारात. यावेळी त्यांनी वर बघितलं नाही. सरळ माझ्याकडे बघितलं.

"भिंत वरपर्यंत नेऊन राहिला म्हणे?"

"हो काका. मांजरीचा त्रास फार झाला."

"मांजरीले मी बांधून ठेवतो. भिंत नको. हवा अडन."

मी म्हटलं, वळचण मोकळी आहे, आढं मोकळं आहे. तुमच्या बाजूलाही तसंच आहे. मग मधल्या वाटेनं कोणती हवा जाते?

"जाते," काका म्हणाले. "तिकडची इकडं येते. दोन तलाव जोडले का पाणी सारखं राहते. तसं आहे ते."

मग त्यांनी कारणं द्यायला सुरुवात केली. आढं मध्येच बंद झालं तर कौलं तडकतील. पावसाळ्यात तुमच्या माळ्याचा दमटपणा तुमच्याकडेच राहील. एसीनं खालून छत गार होईल, वरून उन्हानं तापेल, मधल्या हवेला घाम फुटेल. मी कितीतरी वर्षं या माणसाकडून शिकत आलो होतो, आणि शिकलेलं त्याच्यावरच वापरायची संधी आयुष्यात पहिल्यांदा आली होती. मी म्हटलं, "काका, उदबत्ती लावू या."

आम्ही वर चढलो. आमच्या वळचणीशी मी उदबत्ती धरली. धूर हलला, उतरत्या कौलांच्या कडेनं सरकत वर गेला आणि आढ्याच्या टोपीतून निघून गेला. मधल्या भिंतीकडे त्यानं बघितलंही नाही. मी दुसऱ्या टोकाला धरली, तेच. भिंतीच्या अगदी जवळ धरली, तरी धूर सरळ वर. मग शेतातल्या मचाणावर उभं राहावं तसा मी माळ्यावर उभा राहिलो आणि म्हणालो, "खाली तुडूम, वर सलंग. मध्ये काही नाही. तुमचंच शास्त्र आहे, काका."

काकांनी माझ्या हातातली उदबत्ती घेतली, भिंतीवर दाबून विझवली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "बांधा."

इतका सहज विजय मला दुकानात कोणत्याही गिऱ्हाइकावर मिळाला नव्हता. जेवताना मी सगळा प्रसंग दोनदा सांगितला, धुराचा अभिनय करून. मंदानं पानात भात वाढला आणि उठून गेली.

त्यानंतर काका दिसेनात. फाटकाला फांदी नाही, रस्त्यात हुंकार नाही. विटा येऊन अंगणात पडल्या. गवंडी दुसऱ्या दिवशी येणार होता. दुपारी मंदा म्हणाली, "शिडी त्यांच्याकडं आहे. घेऊन या. अन् जेवले का ते पाहा." मी गेलो. दार लोटलेलं होतं. खाली कोणी नव्हतं. चुलीवर भाताचं पातेलं झाकलेलं, आणि शिडी माळ्याला लावलेली.

मी हाक मारणार होतो, पण मांजर शिडीवरून माझ्या अंगावरून उतरली आणि माझी बोलती बंद झाली. तसाच चढलो. माळ्यावर अंधुक उजेड होता, आणि खरंच, इतक्या कडक उन्हात तिथे वारा खेळत होता. काका भिंतीशी रिकाम्या पोत्याच्या घडीवर बसले होते. पाठ भिंतीला, डोकं मागे टेकलेलं, डोळे मिटलेले. मला वाटलं चक्कर आली. जवळ जाणार तेवढ्यात भिंतीच्या वरून माझ्या घराचा आवाज आला.

सगळं येत होतं. नळाखाली भांडी पडल्याचा आवाज. कुकरची शिट्टी. पल्लवी सुटीवर आली होती, ती आईला काहीतरी विचारत होती. आणि मंदाचा आवाज, इतका स्पष्ट की ती जणू माझ्या शेजारी बसून बोलत होती.

"तुझे बाबा गेलेत शिडी आणायले. आता तिथंच गप्पा मारत बसतीन. अन् परत येतीन तवा शिडी विसरून येतीन."

पल्लवी हसली. काका डोळे मिटूनच हसले. मग त्यांनी डोळे उघडले आणि मी दिसलो.

काकांनी पोत्याची घडी थोडी सरकवली. मी बसलो. भिंत गार होती.

"वाटणी झाली तेव्हा दादा म्हणे, भिंत वरपर्यंत नेऊ," काका हळू बोलले. "दादाची लेकरं लहान होती. संध्याकाळी परवचा म्हणत. वहिनी भाकऱ्या थापे, तो आवाज येये. मी एकटा या बाजूले. दादाले कसं सांगू का मले आयकू येऊ द्या? म्हटलं, दादा, वरतं बंद केलं तर हवा अडते. लाकूड सडते."

पलीकडे मंदानं कशाची तरी फोडणी दिली. मोहरी तडतडल्याचं ऐकू आलं, मग वास आला.

"दादा हुशार होता. म्हणे, कशी अडते ते सांग. मले काय माहीत? मग वाचलं. लोकायच्या माळ्यावर चढलो. उदबत्त्या जाळल्या. दादाले पटलं पाहिजे ना. पटलं एकदाचं. पण तोवर मले नादच लागला गा. त्या केशोरीच्या पोरीकडंही कायले वर चढलो, मालूम? घरात माणसं लय होती. वरतून आवाज कसा येते ते पाहायले. अन् माळा बंद. काहीच नाही आलं."

मग दादा गेले नागपूरला. सुरुवातीला दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला पुतणे यायचे, आता येत नाहीत. काही वर्षं पलीकडे नुसती शांतता होती. "मग तुमी आले," काका म्हणाले. "तुझी बायको मोठ्यानं बोलते. चांगलं आहे ते."

मला खूप वाईट वाटलं. भांडणात जिंकून इतकं वाईट वाटण्याची माझी ही पहिलीच वेळ. काका म्हणाले, "भिंत बांध तू. घर तुझं आहे. हवेचं काही होत नाही, ते तू पाहिलंच." आणि पोतं झटकून ते उतरायला लागले.

मी घरी आलो. शिडी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला, ठेकेदारही आला. मी म्हटलं, पल्लवीच्या खोलीचं छत करा, एसी बसवा, भिंतीला हात लावू नका.

"क्यों भैया? कल तो बोले थे," ठेकेदार म्हणाला.

"हवा अडन," मी म्हटलं. "दो तालाब हैं ये. जोड़ के रखना पड़ता है. वरना लकड़ी सड़ जाएगी."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला लगेच ओळखीचं वाटलं. काकांकडे आम्ही सगळे तसंच बघत आलो आहोत. त्यानंतर गावात बातमी झाली की कापडवाल्यालाही माळ्याचा नाद लागला. मी नाकारत नाही. परवा एका लग्नाच्या घरी वऱ्हाड दारात उभं असताना मी वर बघत होतो, मंदानं कोपर मारलं तेव्हा भानावर आलो. विटांचा मात्र अंगणात ढीग पडून आहे आणि मांजरीनं आता त्यात पिलं घातली आहेत.

मंदाला मी काही सांगितलं नव्हतं. काकांची गोष्ट ती काकांची, असं मनाशी ठरवलं होतं. गवंडी परत गेला त्या संध्याकाळी मी मधल्या खोलीत बसलो होतो. मंदा स्वयंपाकघरात. ती एकदम मोठ्यानं म्हणाली, नेहमीपेक्षाही मोठ्यानं, "अवो, कढीपत्ता संपला वो आपल्याकडचा! उद्या वरणाले काय घालू?"

मी बाजारातून आणू का विचारायला उठून आत गेलो. ती ओट्याशी उभी होती आणि मान मागे करून छताकडे बघत होती. तिच्या पुढ्यात भाजीची टोपली होती. टोपलीत हिरव्यागार कढीपत्त्याची मोठी जुडी पडली होती.

तिनं मला बघितलं आणि ओठावर बोट ठेवलं.